जकातसंघ आणि शेजार : डहाणू–तलासरी सीमेचा अनुभव

१. प्रश्नाचे स्वरूप

दोन किंवा अधिक देशांनी परस्परांच्या मालावरील जकात कमी करावी अथवा काढून टाकावी, आणि इतरांच्या मालावर मात्र ती कायम ठेवावी, अशा व्यवस्थेस सवलतीचे व्यापारक्षेत्र असे म्हणतात. या व्यवस्थेच्या पायऱ्या आहेत. केवळ काही जिनसांवर सूट असेल तर ती मर्यादित सवलत होय. आपसातील सर्व जकात उठवली, पण बाहेरच्या मालावर प्रत्येकाने आपापल्या दराने जकात घेतली, तर ते मुक्त व्यापारक्षेत्र होय. बाहेरच्या मालावरही सर्वांनी एकच दर लावला म्हणजे तो जकातसंघ होतो.

जॅकब व्हायनर यांनी १९५० मध्ये जकातसंघाविषयीचा आपला ग्रंथ प्रसिद्ध करीपर्यंत अशा संघाकडे मुक्त व्यापाराच्या वाटेवरील एक पाऊल म्हणूनच पाहिले जात असे. व्हायनर यांनी दाखवून दिले की, जकातसंघाचे परिणाम दोन प्रकारचे असतात. घरच्या महाग मालाऐवजी भागीदाराचा स्वस्त माल येऊ लागला तर व्यापाराची निर्मिती होते. परंतु बाहेरच्या स्वस्त मालाऐवजी केवळ सवलतीमुळे भागीदाराचा महाग माल येऊ लागला तर व्यापाराचे विचलन होते, आणि त्याची झळ संघाबाहेरच्या शेजाऱ्यास तसेच संघातील ग्राहकासही पोहोचते.

या दोन परिणामांखेरीज एक तिसरा परिणाम आहे, आणि सीमेलगतच्या प्रदेशात तोच सर्वांत आधी दिसतो. समजा, एका मोठ्या देशात एखाद्या जिनसेवर शेकडा ४० जकात आहे आणि शेजारच्या लहान प्रदेशात शेकडा ५ आहे. शंभर रुपयांचा माल मोठ्या देशाच्या बंदरात १४० रुपयांस पडेल व लहान प्रदेशाच्या बंदरात १०५ रुपयांस. सीमा ओलांडण्याचा खर्च व धोका मिळून १० रुपये धरला तरी तोच माल आडवाटेने मोठ्या देशात ११५ रुपयांत पोहोचेल. लहान प्रदेशाची आयात मग तेथील लोकांच्या गरजेपुरती राहत नाही, ती शेजाऱ्याच्या बाजारपेठेच्या प्रमाणात वाढते. यास व्यापाराचे वळण असे म्हणता येईल. या वळणात माल कोठे तयार होतो हा प्रश्न गौण असतो. तो कोणत्या दाराने आत येतो, एवढेच महत्त्वाचे.

यावर उपाय तीनच आहेत. सीमेवर पहारा ठेवणे, दोन्ही बाजूंचे दर समान करणे, किंवा मालाच्या उगमाचा दाखला मागणे. तिन्हींना खर्च लागतो. तो खर्च कोणाच्या माथी बसतो, यावर शेजाऱ्यांचे राजकीय संबंध पुष्कळ अंशी अवलंबून असतात. या विधानाची कसोटी लावण्यासाठी युरोपातील उदाहरणे घेण्याची वहिवाट आहे. परंतु पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकास, डहाणू व तलासरी या तालुक्यांच्या सीमेवर, गेल्या सुमारे दीडशे वर्षांत हे तिन्ही उपाय कमीअधिक प्रमाणात योजून पाहिले गेले आहेत. त्या अनुभवाचे विवेचन हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

२. सीमेची घडण

दमण १५५९ पासून पोर्तुगिजांकडे होते. डहाणूचा किनाराही त्यांच्याच अंमलाखाली होता. तो १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेत मराठ्यांकडे आला. पुढे मराठे व पोर्तुगीज यांच्यात १७७९ मध्ये तह झाला आणि त्या अन्वये १७८३ व १७८५ मध्ये नगरहवेली व दादरा या भागांतील गावे पोर्तुगिजांच्या हाती गेली. मूळ देणगी १२,००० रुपयांच्या महसुलाची होती. राज्याधिकाराची नव्हे, असा निर्णय पुढे आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दिला. परंतु मराठी सत्ता जाऊन ब्रिटिश अंमल आल्यावर या गावांवरील पोर्तुगीज अधिराज्य व्यवहारात मान्य होत गेले.

परिणाम असा झाला की, दमण हे बंदर एकीकडे, त्याचा पृष्ठप्रदेश असलेली नगरहवेली दुसरीकडे, आणि मध्ये ब्रिटिश मुलखाची पट्टी. नगरहवेलीचे साग व धान्य दमणला जाण्यासाठी परकी मुलूख ओलांडावा लागे. त्या पट्टीच्या दक्षिणेस ठाणे जिल्ह्याचा डहाणू तालुका व उंबरगाव पेटा होता. आजच्या तलासरी तालुक्याची गावे त्याच प्रदेशातील. दोन्ही बाजूंस वारली, कोकणा, दुबळा, धोडिया याच जमाती राहत. भाषा, सोयरीक व आठवड्याचा बाजार यांपैकी एकही गोष्ट त्या रेषेने तुटली नव्हती. मात्र करांचे दर त्या रेषेपाशी बदलत असत.

३. १८७८ चा करार

ब्रिटिश हिंदुस्थानात मिठावरील कर हे महसुलाचे एक मोठे साधन होते. १८७७–७८ च्या सुमारास मुंबई इलाख्यातील हा कर मणामागे १ रुपया १३ आण्यांवरून अडीच रुपयांवर नेण्यात आला. कर जेवढा चढा, तेवढा सीमेपलीकडच्या स्वस्त मिठाचा मोह अधिक. त्याच वर्षी मुंबईचा अबकारी कायदा झाला (१८७८ चा पाचवा), आणि ताडी व मोहाची दारू यांवर सरकारी नियंत्रण आवळले गेले. गोवा व दमण येथे मात्र मीठ व दारू दोन्ही स्वस्त होती. या दोन जिनसांच्या बाबतीत पोर्तुगीज मुलूख म्हणजे ब्रिटिश महसुलाच्या कुंपणाला पडलेले भगदाड होते.

असेच दुसरे भगदाड उत्तर हिंदुस्थानात होते व ते बुजवण्याची रीत ब्रिटिश सरकारला नुकतीच सापडली होती. सिंधूपासून महानदीपर्यंत सुमारे अडीच हजार मैल लांबीची अंतर्गत जकातरेषा, काटेरी कुंपण व हजारो शिपाई यांच्या साहाय्याने, राजपुतान्यातील मीठ अडवीत असे. १८७० च्या सुमारास सांभर सरोवराचे मिठागर जयपूर व जोधपूर संस्थानांकडून भाडेपट्ट्याने घेण्यात आले. माल उगमापाशीच हाती आल्यावर रेषेची गरज उरली नाही व १८७९ मध्ये ती मोडण्यात आली. पोर्तुगालशी झालेला करार याच धोरणाचा किनाऱ्यावरील भाग होय, असे समजल्यास त्याचा अर्थ नीट लागतो.

२६ डिसेंबर १८७८ रोजी लिस्बन येथे हा करार झाला. ब्रिटनतर्फे रॉबर्ट मोरिअर व पोर्तुगालतर्फे परराष्ट्रमंत्री आंद्राद कोर्व्हू यांनी त्याच्या वाटाघाटी केल्या. १५ जानेवारी १८८० पासून बारा वर्षांसाठी तो अमलात आला. त्याची मुख्य कलमे अशी सांगता येतील : दोन्ही मुलखांमधील जकातनाकी उठवावीत व बाहेरच्या मालावर समान दर असावा, पोर्तुगीज मुलखातील मीठउत्पादनाचे नियंत्रण ब्रिटिशांकडे असावे, अबकारी व्यवस्था मुंबई इलाख्याच्या धर्तीवर चालावी, मुरगाव बंदर व तेथून ब्रिटिश हद्दीपर्यंतची रेल्वे बांधण्यात यावी, आणि मिठाच्या बदल्यात पोर्तुगीज सरकारला दरसाल ४ लाख रुपये मिळावेत. कागदावर हा पुरा जकातसंघ होता.

परंतु करारास दोनच वर्षे लोटली तोच, १८८२ मध्ये, ब्रिटिश हिंदुस्थानाने मीठ, मद्य, शस्त्रे यांसारखे थोडे जिनस वगळून बहुतेक सर्व आयातकर रद्द केले. समान दराच्या कलमामुळे हा निर्णय गोवा–दमणलाही बंधनकारक झाला. आता ज्याची वाटणी करावयाची ते जकातीचे उत्पन्नच उरले नाही. १८८२ ते १८९२ या दहा वर्षांत हा संघ नावाला जकातसंघ होता. वस्तुतः तो मीठ व दारू यांच्या नियंत्रणाचा संघ होता.

येथे जर्मन जकातसंघाशी तुलना उद्बोधक ठरते. १८३४ मध्ये अस्तित्वात आलेल्या त्या संघात प्रशिया हे राज्य इतरांहून फार बलाढ्य होते. तरीही एकत्रित उत्पन्नाची वाटणी लोकसंख्येच्या प्रमाणात होत असल्याने लहान राज्यांना संघात राहणे फायद्याचे वाटे. उत्पन्न वाढले तर त्यांचा वाटाही वाढत असे. १८७८ च्या करारात लहान भागीदाराला वाटा मिळाला नाही, ठरीव रक्कम मिळाली. दर ठरविण्याचा अधिकार मोठ्याकडे, दर पाळण्याचे बंधन लहानावर, आणि मोबदला मात्र कायमचा गोठलेला, अशी ही रचना होती. मुरगावची रेल्वे व बंदर हा टिकाऊ लाभ झाला खरा. परंतु त्याच काळात गोव्यातील मिठागरवाले व भंडारी यांच्या धंद्यावर गदा आली, आणि कराराचा दोष त्यांच्या दृष्टीने उघड होता.

१८९० च्या जानेवारीत आफ्रिकेतील प्रदेशांवरून ब्रिटनने पोर्तुगालला निर्वाणीचा खलिता दिला व दोन्ही राष्ट्रांचे संबंध बिघडले. अशा वातावरणात १८९२ च्या जानेवारीत कराराची मुदत संपली व तो पुन्हा करण्यात आला नाही. सीमेवरील नाकी परत उभी राहिली.

४. मीठ, मोह आणि डहाणूचा शेतकरी

या कराराचा विचार बहुधा गोव्याच्या दृष्टीने केला जातो. सीमेच्या अलीकडे काय घडले, हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे.

दर समान करणे हा सीमेवरील पहारा कमी करण्याचा उपाय होय. परंतु दर कोणत्या पातळीवर समान करावयाचे? १८७८ मध्ये दोन्ही बाजूंस चढा दर लागू झाला. म्हणजे स्वस्त बाजू महाग झाली. महाग बाजू स्वस्त झाली नाही. डहाणू व उंबरगावच्या वारल्याला मिठाचा भाव उतरल्याचा लाभ झाला नाही. उलट सीमेपलीकडे मिळणारा स्वस्त पर्याय गेला. व्हायनर यांच्या परिभाषेत हे धड व्यापारनिर्मितीत बसत नाही व विचलनातही बसत नाही. ती दोन सरकारांमधील महसुलाची तडजोड होती आणि तिचा भार दोन्हीकडच्या उपभोक्त्यांवर पडला.

मोहाच्या बाबतीत हे अधिक स्पष्ट दिसते. मोहाचे फूल वारल्यांच्या घरात केवळ दारूसाठी येत नाही. ते वाळवून ठेवले जाते व टंचाईच्या दिवसांत पोटाला आधार देते. कर वसूल करणाऱ्याच्या दृष्टीने मात्र ते दारूचे कच्चे द्रव्य होते. करार संपला त्याच वर्षी, १८९२ मध्ये, मुंबई सरकारने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांवर निर्बंध घालणारा स्वतंत्र कायदा केला. बेकायदा गाळपाला आळा घालणे हा त्याचा हेतू. परंतु ज्या फुलाचा साठा हा उद्या गुन्हा ठरू शकतो, ते फूल आज अंगणात वाळत घालणाऱ्याची स्थिती काय होत असेल, याची कल्पना करता येते. सीमा जवळ असली की सर्वच मालाकडे संशयाने पाहिले जाते व त्या संशयाचा खर्च व्यापाऱ्यापेक्षा साध्या रहिवाशाला अधिक सोसावा लागतो.

५. पहाऱ्याचा काळ : १८९२ ते १९५४

यानंतरच्या सहा दशकांत दुसरा उपाय, म्हणजे पहारा, प्रधान झाला. पहिल्या महायुद्धानंतर हिंदुस्थानचे जकातदर वाढत गेले, तसा त्याचा भारही वाढला. १९२४ मध्ये भूसीमेवरील जकातीसाठी वेगळा कायदा करण्यात आला. हा प्रश्न केवळ परकी मुलखापुरता नव्हता, हेही ध्यानात घेतले पाहिजे. काठेवाडातील संस्थानांच्या बंदरांतून येणाऱ्या मालासाठी वीरमगाम येथे जकातरेषा होती. प्रवाशांना होणाऱ्या छळाची तक्रार गांधीजींनी सरकारदरबारी नेल्यावर ती १९१७ मध्ये उठली, आणि संस्थानी बंदरे वाढू लागताच १९२७ मध्ये पुन्हा बसली. राजकीय नाते परक्याचे असो वा मांडलिकाचे, दरात अंतर पडले की रेषा परत येते.

दमण व नगरहवेली यांच्यातील वाहतूक या काळात कशी चालत असे, याचे सर्वांत विश्वसनीय वर्णन आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या निकालात सापडते. खाजगी व्यक्ती व मुलकी अधिकारी यांची ये-जा सामान्य तपासणीपलीकडे अडवली जात नसे. मालही सर्वसाधारणपणे जात-येत असे. परंतु जकात, सुरक्षितता व महसूल यांसाठी आवश्यक ते निर्बंध त्यावर असत. मिठाच्या वाहतुकीस मनाई होती. प्रसंगविशेषी मद्य व मद्य गाळण्याची सामग्री यांनाही मनाई करण्यात येई. या भागात अशी सामग्री म्हणजे मुख्यत्वे मोहाची फुले, हे सांगावयास नको. १८७८ च्या करारातील मीठ व दारू हे दोन जिनस करार संपल्यावरही साठ वर्षे सीमेचे स्वरूप ठरवीत राहिले.

स्वातंत्र्यानंतर दरांतील अंतर आणखी रुंदावले. भारताने परकीय चलन वाचविण्यासाठी आयातीवर परवाने बसवले व सोन्याच्या आयातीस बंदी केली. मुंबई राज्यात १९४९ च्या कायद्यान्वये १९५० पासून संपूर्ण दारूबंदी आली. दमणमध्ये विलायती माल, सोने व मद्य ही सर्व खुली होती. पूर्वी शेजाऱ्यांच्या दरांत फरक होता; आता एका बाजूस बंदी व दुसऱ्या बाजूस मोकळीक अशी स्थिती झाली. बंदीच्या वेळी जकात अमर्याद चढते असे मानले, तर चोरट्या व्यापाराचा नफाही त्याच प्रमाणात चढतो. दमणचा किनारा या व्यापारासाठी देशभर प्रसिद्ध झाला, त्याचे कारण तेथील लोकांच्या स्वभावात शोधण्याची गरज नाही. ते दरांच्या कोष्टकात सापडते.

६. वाट बंद होते : १९५४ आणि हेग येथील निकाल

गोवामुक्तीचा प्रश्न तीव्र होताच भारताने १९५३ पासून दमण व नगरहवेली यांमधील वाहतुकीवर निर्बंध घातले व १९५४ मध्ये ते कडक केले. जुलै १९५४ च्या तिसऱ्या आठवड्यात स्वयंसेवकांनी दादरा मुक्त केले. २ ऑगस्ट रोजी सिल्वासा मुक्त झाले. पोर्तुगिजांना कुमक पाठवावयाची तर भारतीय मुलखातूनच जावे लागणार होते, आणि भारताने ती वाट दिली नाही. त्याच सुमारास गोवा व दमण यांच्याविरुद्ध आर्थिक नाकेबंदीही सुरू झाली.

नाकेबंदीचा परिणाम सर्वत्र सारखा झाला नाही. गोव्याजवळ लोहखनिज होते. त्याची निर्यात, विशेषतः जपानकडे, वाढल्यामुळे गोव्याने परदेशी व्यापाराच्या बळावर तग धरला. दमणजवळ असा आधार नव्हता. नगरहवेली गेल्याने त्याचा पृष्ठप्रदेशच तुटला. शेजाऱ्याशी व्यापार तोडण्याचे हत्यार किती चालेल, हे शेजाऱ्याला दुसरी बाजारपेठ आहे की नाही यावर अवलंबून असते, हा सामान्य नियम येथे एकाच सत्तेच्या दोन प्रदेशांत, एकाच काळी, वेगवेगळ्या रूपाने दिसतो.

पोर्तुगालने २२ डिसेंबर १९५५ रोजी हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा दाखल केला. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व सामान्य माल यांच्यासाठी पोर्तुगालला १९५४ मध्ये वाटेचा हक्क होता, असे न्यायालयाने ११ विरुद्ध ४ मतांनी ठरवले. सैन्य, सशस्त्र पोलीस, शस्त्रे व दारूगोळा यांच्यासाठी असा हक्क नव्हता, असे ८ विरुद्ध ७ मतांनी ठरले. आणि भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केला नाही, असा निर्णय ९ विरुद्ध ६ मतांनी झाला. हक्क मान्य, पण त्याचे नियमन करण्याचा अधिकार वाट देणाऱ्याकडे, असे या निकालाचे सार होते.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने या निकालातील एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. न्यायालयाने हा हक्क कोणा एका तहाच्या कलमावरून काढला नाही. दोन शेजाऱ्यांमधील सुमारे सव्वाशे वर्षांच्या सातत्याच्या वहिवाटीवरून काढला. बैलगाड्या, बाजारकरी व कारकून यांच्या रोजच्या ये-जा करण्यातून आंतरराष्ट्रीय कायद्याचा एक नियम सिद्ध झाला. ज्या तहाने समान दर व मोकळी सीमा यांची हमी दिली होती तो बारा वर्षांत संपला. ज्या वहिवाटीला कोणी कागद केला नव्हता ती टिकली.

७. सीमा देशांतर्गत होते

दादरा व नगरहवेली ११ ऑगस्ट १९६१ रोजी औपचारिकरीत्या भारतात विलीन झाले. त्याच वर्षी १९ डिसेंबरला दमण मुक्त झाले. त्याआधी, १ मे १९६० रोजी, मुंबई राज्याचे विभाजन होऊन उंबरगाव तालुक्यातील अनेक गावे गुजरातेत गेली होती. राष्ट्रीय सीमा नाहीशी झाली आणि तिच्या जागी तीन प्रशासनांचा तिठा निर्माण झाला : महाराष्ट्र, दारूबंदी चालू ठेवणारे गुजरात, आणि केंद्रशासित प्रदेश.

देशांतर्गत जकात घटनेने वर्ज्य मानली असली तरी विक्रीकर व अबकारी कर हे विषय स्वतंत्र होते. मागास प्रदेशाचा विकास व्हावा म्हणून दादरा–नगरहवेली व दमण येथील नव्या कारखान्यांना विक्रीकरातून दीर्घ मुदतीची सूट देण्यात आली; पुढे केंद्रीय आयकरातही सवलत मिळाली. परिणाम लक्षणीय झाला. सिल्वासा व दमण येथे सूतप्रक्रिया, प्लॅस्टिक, औषधे इत्यादींचे शेकडो कारखाने उभे राहिले. पॉलिएस्टर धाग्यावरील प्रक्रियेचे ते देशातील एक प्रमुख केंद्र बनले. कच्चा माल मुंबई–गुजरातेतून येई व पक्का माल तेथेच परत जाई. सवलतीच्या क्षेत्राची सर्व लक्षणे येथे दिसतात, फरक इतकाच की संघ व शेजारी दोघेही एकाच राष्ट्राचे घटक आहेत.

या उद्योगांपैकी किती खरी निर्मिती आणि किती केवळ स्थलांतर? कारखाना जर केवळ कर वाचविण्यासाठी मुंबई–ठाण्याहून सिल्वाशास गेला असेल, तर देशाच्या उत्पादनात भर पडली नाही. एका राज्याचा महसूल गेला व दुसऱ्या प्रदेशास रोजगार मिळाला. महाराष्ट्राने आपल्या मागास भागांसाठी १९६४ पासून स्वतःची प्रोत्साहन योजना राबवली होती. म्हणजे दोन्ही बाजू सवलतींची बोली चढवीत होत्या. या चढाओढीत सर्वांचाच महसूल बुडतो हे ओळखून राज्यांनी १ जानेवारी २००० पासून विक्रीकराचे किमान समान दर ठेवण्याचे व नव्या उद्योगांना विक्रीकरातील सूट न देण्याचे ठरवले. १८७८ मध्ये जो उपाय एका सत्तेने दुसरीकडून करून घेतला, तोच येथे परस्परसंमतीने पत्करण्यात आला.

तलासरीच्या दृष्टीने या सवलतींचा परिणाम दुहेरी होता. तालुक्यातील आदिवासी तरुणांना सिल्वासा, सरीगाम, उंबरगाव व वापी येथील कारखान्यांत काम मिळू लागले. उधव्याहून खानवेलकडे जाणारा रस्ता मजुरीचा रस्ता झाला. शेतीवर व गवतकापणीवर विसंबणाऱ्या कुटुंबांना ही रोख मिळकत मोलाची होती. परंतु कारखान्याचा कर, त्यातून होणाऱ्या शाळा व दवाखाने, आणि जमिनीच्या वाढत्या किमती यांचा लाभ सीमेपलीकडे राहिला. मजूर संध्याकाळी ज्या गावी परततो, त्या गावाच्या सोयींचा खर्च वेगळ्या प्रशासनावर. श्रम सीमा ओलांडतात, महसूल ओलांडत नाही, ही सवलतीच्या क्षेत्रांची सर्वत्र आढळणारी उणीव येथे एका तालुक्याच्या प्रमाणात पाहावयास मिळते.

याच वेळी डहाणूने वेगळा मार्ग धरला. २० जून १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला गेला. तेथे उद्योगांसाठी कमाल ५०० एकरांची मर्यादा घालण्यात आली व मूळ अधिसूचनेत तालुक्याभोवती २५ किलोमीटरचे संरक्षक वलयही होते. घोलवड–बोर्डीचे चिकूचे बाग व किनाऱ्यावरील मासेमारी यांना त्यामुळे संरक्षण लाभले. पण एका बाजूस निर्बंध व लगतच दुसऱ्या बाजूस सवलत असली म्हणजे दोन्ही धोरणांचा परिणाम एकमेकांत मिसळतो. निर्बंधाने थांबलेला उद्योग नाहीसा होत नाही. तो सवलतीकडे सरकतो, आणि त्याच्यामागून मजूर सरकतात.

८. शेजारी राष्ट्रांचा अनुभव

हाच प्रकार भारताने शेजारी राष्ट्रांशी केलेल्या करारांत दिसून येतो. नेपाळशी १९९६ मध्ये झालेल्या व्यापारी करारात नेपाळी मालाला जवळजवळ मुक्त प्रवेश देण्यात आला व मूल्यवृद्धीची अट काढण्यात आली. नेपाळची खाद्यतेलावरील जकात भारताहून कमी असल्याने बाहेरचे तेल तेथे आणून, वनस्पती तूप करून, ते भारतात पाठवणे किफायतशीर ठरले. भारतीय उत्पादकांची तक्रार झाली व २००२ मध्ये कराराचे नूतनीकरण करताना मूल्यवृद्धीची अट परत आणून वनस्पती तुपास दरसाल १ लाख टनांची मर्यादा घालण्यात आली. श्रीलंकेशी २००० पासून अमलात आलेल्या कराराबाबतही वनस्पती व तांबे यांवरून तसाच वाद झाला.

उगमाचा दाखला हा तिसरा उपाय होय, आणि त्याचीही राजकीय किंमत असते. मोठ्या शेजाऱ्याला जी पळवाट वाटते तीवर लहान शेजाऱ्याचे कारखाने व रोजगार उभे राहिलेले असतात. दार अकस्मात बंद झाले म्हणजे सवलतीने जोडलेले सौहार्द कटुतेत बदलते. सवलत देताना जो विचार व्हावयास हवा, तो ती काढून घेताना होतो, हे या वादांमागील खरे कारण.

९. आजची स्थिती व निष्कर्ष

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्याने भारत प्रथमच अंतर्गत करांच्या दृष्टीने बव्हंशी एक जकातसंघ झाला. कर जेथे माल खपतो तेथे जमा होतो. त्यामुळे केवळ करासाठी कारखाना हलविण्याचे कारण क्षीण झाले. भिलाड–आच्छाडच्या सीमेवर विक्रीकराच्या कागदपत्रांसाठी होणारी अडवणूक संपली. राज्यांना सुरुवातीची पाच वर्षे महसुलातील तुटीची भरपाई देण्यात आली, ही गोष्ट १८७८ च्या गोठलेल्या मोबदल्याशी ताडून पाहण्याजोगी आहे. २६ जानेवारी २०२० पासून दादरा–नगरहवेली आणि दमण–दीव हा एकच केंद्रशासित प्रदेश झाला आहे.

परंतु मानवी सेवनाचे मद्य या कराबाहेर ठेवण्यात आले आणि पेट्रोल, डिझेल इत्यादी पाच इंधनद्रव्येही तूर्त बाहेरच आहेत. केंद्रशासित प्रदेशातील मद्यावरील कर महाराष्ट्राहून कमी आहे आणि गुजरातेत दारूबंदी आहे. म्हणून डहाणू–तलासरीच्या रस्त्यांवर राज्य उत्पादनशुल्क विभागाचा पहारा आजही आहे, व दमण बनावटीची दारू पकडल्याच्या बातम्याही येत असतात. मिठाचा प्रश्न सुटला, दारूचा राहिला. जेथे दर एक झाले तेथे रेषा पुसली गेली. जेथे ते भिन्न राहिले तेथे ती तशीच आहे.

या सर्व विवेचनावरून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, शेजारी प्रदेशावर सवलतीच्या क्षेत्राचा परिणाम मुख्यतः दरांतील अंतराने ठरतो, राष्ट्रीयत्वाने नव्हे. दुसरा, दर समान केल्याने चोरटा व्यापार थांबतो. मात्र समानता कोणत्या पातळीवर आणि कोणाच्या निर्णयाने आली यावर शेजाऱ्याचे मन राहते. ठरीव मोबदल्यापेक्षा उत्पन्नातील वाटा अधिक टिकाऊ ठरतो. तिसरा, करार दोन सरकारांमध्ये होतात. त्यांचा खर्च मात्र सीमेवरची माणसे भरतात, आणि त्यांचे मत बहुधा कोणी विचारलेले नसते.

हा शेवटचा मुद्दा केवळ इतिहासाचा नाही. डहाणू तालुक्यातील वाढवण येथील मोठ्या बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली व ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. किनाऱ्यावरील मच्छीमारांचा त्यास विरोध आहे. मोठ्या बंदरामागे गोदामे, प्रक्रियाकेंद्रे व करसवलतीची क्षेत्रे यांची मागणी येते, असा सर्वत्रचा अनुभव आहे. तशी क्षेत्रे येथे व्हावयाची असतील तर त्यांच्या उत्पन्नातील वाटा व त्यांचा भार हे दोन्ही हिशेब आरंभीच मांडले गेले पाहिजेत, आणि त्या हिशेबात तलासरीचा मजूर व डहाणूचा कोळी यांची नोंद असली पाहिजे. १८७८ च्या करारात मीठ होते, मोह होता, रेल्वे होती. मोह वेचणाऱ्याचा त्यात कोठेही उल्लेख नव्हता.